चाकांवरचं बिऱ्हाड : ऑरेगनच्या किनाऱ्याने सहा रात्री

आई-बाबा इंदूरहून अमेरिकेत आले की त्यांना काय काय दाखवायचं, ही यादी आपल्या सगळ्यांकडे साधारण सारखीच असते. नायगारा, न्यूयॉर्क, जमलं तर डिस्नीलँड, वाटेत एखाद-दोन देवळं. माझे आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा आम्हीही हेच केलं होतं. या वेळी मात्र ती यादी बाजूला ठेवावी लागली.

तीन वर्षांपूर्वी बाबांना पार्किन्सन्सचं निदान झालं. हात थरथरतो, चमचा तोंडापर्यंत पोहोचेस्तोवर निम्मं वरण सांडतं. घरात त्याचं कोणाला काही वाटत नाही, पण बाबांनी चारचौघांत जेवणं हळूहळू बंदच केलं. सराफ्यात रात्री अकराला उभं राहून भुट्ट्याचा कीस आणि वर गरम जलेबी हाणणारा हा माणूस लग्नाच्या पंगतीतून "पोट भरलंय" म्हणून उठायला लागला. त्यात आईचे गुडघे दुखतात आणि दर दोन तासांनी तिला स्वच्छतागृह लागतं. हॉटेलात उतरायचं, बाहेर जेवायचं आणि रोज बॅगा भरायच्या, या तीन गोष्टींवर एरवी आपली सहल उभी असते. आमच्या घरी तिन्ही नको होत्या.

आम्ही पोर्टलंडच्या जवळ राहतो. आमच्याकडे दोन वर्षांपासून एक सेकंडहँड ट्रेलर आहे, बावीस फुटांचा. आम्ही तिघं, म्हणजे नवरा, मी आणि सात वर्षांची लेक, त्यातून शनिवार-रविवार फिरतो. ठरवलं, आई-बाबांना यातूनच समुद्र दाखवायचा.

ट्रेलर म्हणजे काय

फिरत्या घरांचे दोन प्रकार असतात. एकात इंजिन आणि घर एकत्र, त्याला मोटरहोम म्हणतात. दुसरा आमच्यासारखा ट्रेलर. तो पिकअप ट्रकच्या मागे जोडायचा, मुक्कामाला पोहोचलं की सोडवायचा आणि ट्रक घेऊन भाजी आणायला मोकळं व्हायचं. आत एक मोठा पलंग, एकावर एक दोन बर्थ, दोन शेगड्या, फ्रिज, छोटं न्हाणीघर-संडास. जेवणाचं टेबल खाली केलं की त्याचाही पलंग होतो. चालत्या ट्रेलरमध्ये मात्र कोणी बसायचं नसतं, प्रवासात सगळे ट्रकमध्येच.

ट्रेलर चालवतेस कशी, असं बाबा पहिल्या दिवशी चारदा विचारून गेले. पुढे जाणं सोपं आहे, वळण जरा रुंद घ्यायचं आणि ब्रेक लवकर लावायचा. कसब लागतं ते मागे घ्यायला, कारण तेव्हा सगळं उलटं चालतं. त्याची एक युक्ती आहे : स्टिअरिंग खालून धरायचं आणि ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात न्यायचा. नवरा मागे उभा राहून हातवारे करतो. या प्रसंगी कोणत्याही दांपत्याशी बोलायला जाऊ नये, हा इथला अलिखित नियम आहे.

पाण्याचा हिशेब आईने अर्ध्या दिवसात ताब्यात घेतला. आमच्या टाकीत साधारण दीडशे लिटर पाणी मावतं. वापरलेलं पाणी खालच्या दोन टाक्यांत साठतं, स्वयंपाकघर आणि न्हाणीचं एकात, संडासचं दुसऱ्यात. त्या भरल्या की ठरवून दिलेल्या जागीच रिकाम्या करायच्या. जमिनीवर खरकटं पाणीसुद्धा ओतायचं नाही. इंदूरला नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून वर चढवून आणतात आणि ते नळाला एक दिवसाआड येतं. अशा गावात संसार केलेल्या बाईला दीडशे लिटरचं काय भय! भांडी आधी कागदाने पुसून घेणं, तांदळाचं धुवण बाजूला ठेवून त्यात पहिला हात विसळणं, हे तिने आम्हाला शिकवलं. कचरा वेगळा करण्याबद्दल तर इंदूरकरांना कोणी सांगायलाच नको.

फोर्ट स्टीव्हन्स : नदी जिथे संपते

पहिला मुक्काम ऑरेगनच्या वायव्य टोकाला, कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथे. फोर्ट स्टीव्हन्स हा यादवी युद्धाच्या काळात बांधलेला किल्ला १९४७ पर्यंत लष्कराकडे होता. आता ते स्टेट पार्क आहे, म्हणजे राज्य सरकारने राखलेलं उद्यान. इथे मुक्कामाच्या पाचशेच्या आसपास जागा आहेत. प्रत्येक जागेला एक क्रमांकाचा खांब, लाकडी टेबल-बाकडी, शेकोटीचं लोखंडी कडं, बहुतेक ठिकाणी पाण्याचा नळ आणि विजेची जोडणी. ट्रेलर लावायचा, चाकांना अडण्या घालायच्या, वायर जोडायची. अर्ध्या तासात कुकरची शिट्टी झाली.

किनाऱ्यावर पीटर आयरडेल नावाच्या जहाजाचा सांगाडा आहे. १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये हे शिडाचं पोलादी जहाज इथे वाळूत रुतलं. सगळे खलाशी वाचले, जहाज मात्र कायमचं राहिलं. ओहोटीला त्याच्या गंजलेल्या फासळ्यांपर्यंत चालत जाता येतं. दुसऱ्या महायुद्धात, २१ जून १९४२ च्या रात्री, एका जपानी पाणबुडीने या किल्ल्यावर १७ तोफगोळे डागले. आपली जागा शत्रूला कळू नये म्हणून किल्ल्याच्या अधिकाऱ्याने उलट मारा करू दिला नाही. नुकसान फारसं झालं नाही. बाबा निवृत्त बँकवाले, त्यांना हा अधिकारी फार आवडला. "हातात तोफ असून गप्प बसला, सोपं नाही," म्हणाले.

पहिल्या रात्री सगळे आतच जेवलो, पडदे लावून. पडदे बाबांनी लावले होते.

बेव्हर्ली बीच : सगळ्यांचा किनारा

दुसरा टप्पा १०१ क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेकडे. ऑरेगनमध्ये हा रस्ता ३६३ मैलांचा, बहुतेक समुद्राच्या कडेकडेने जाणारा. दर काही मैलांवर गाडी थांबवायला जागा, बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृह. ट्रेलरचा खरा फायदा इथे कळतो. उजवीकडे समुद्र, आई मागे जाऊन आपल्याच घरात मोकळी होऊन येते आणि येताना चहाचं आधण ठेवते.

न्यूपोर्टच्या थोडं अलीकडे बेव्हर्ली बीच आहे. ट्रेलर झाडीत लागतो, वरून महामार्ग जातो आणि त्याच्या खालून चालत गेलं की थेट वाळू. उत्तर-दक्षिण नजर पोहोचेल तिथवर किनारा, आणि कुठेही कुंपण नाही. हे आपोआप घडलेलं नाही. १९१३ मध्ये गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांनी कायदा करून भरतीच्या पाण्याने भिजणारी वाळू सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर करून घेतली. त्या वेळी गाड्या खरोखरच वाळूवरून जात. पुढे साठच्या दशकात कॅनन बीचच्या एका मोटेलमालकाने कोरड्या वाळूवर कुंपण घालून ती फक्त आपल्या गिऱ्हाइकांसाठी ठेवली. त्यावर इतका गदारोळ झाला की १९६७ मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल यांच्या सहीने 'बीच बिल' आलं आणि झाडझाडोरा सुरू होतो तिथपर्यंतची वाळू लोकांना वापरायला मोकळी झाली.

हे ऐकून बाबांना नर्मदेचा काठ आठवला. निवृत्तीनंतर त्यांनी ओंकारेश्वरपासून परिक्रमेचा काही टप्पा पायी केला होता. गावागावांत परिक्रमावासींना सदावर्त मिळतं : पीठ, डाळ, मीठ, थोडं तेल. आपण चूल मांडायची, आपलं शिजवायचं, सकाळी पुढे निघायचं. "कोण, कुठला, कोणी विचारत नाही. जागा वाटसराची असते," असं ते सांगत होते. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या खासगीच्या पैशांतून, हे आपण शाळेपासून ऐकतो. इथल्या स्टेट पार्कांचा खर्च मुख्यतः लॉटरीचा वाटा, मुक्कामाचं भाडं आणि ट्रेलरसारख्या वाहनांच्या नोंदणीचं शुल्क यांतून निघतो. मार्ग निराळे, पण वाटसरूला पाणी, आडोसा आणि चुलीपुरती जागा मिळाली पाहिजे, हा विचार तोच.

हनीमन : वाळूचे डोंगर

न्यूपोर्टचा याक्विना बे पूल ओलांडून तिसऱ्या मुक्कामाला निघालो. कॉन्डी मॅकलो या अभियंत्याने १९३६ मध्ये या किनाऱ्यावर एकापाठोपाठ एक देखणे पूल उभे केले, त्यांतला हा एक. फ्लॉरेन्स गावातला स्यूस्लॉ नदीवरचा पूलही त्याचाच. त्याच्या पुढे तीन मैलांवर जेसी हनीमन स्टेट पार्क. रस्त्यांच्या कडा जाहिरातफलकांनी विद्रूप होऊ नयेत म्हणून झटलेल्या बाईंचं नाव या पार्कला दिलं आहे. मंदीच्या काळात सरकारने बेरोजगार तरुणांना काम दिलं, त्या तरुणांनी इथलं दगड-लाकडाचं बांधकाम केलं. एका बाजूला गोड्या पाण्याचं क्लीवॉक्स तळं आणि त्याला लागूनच वाळूचे डोंगर. लेक फळीवर बसून वाळूवरून थेट तळ्यात घसरत होती. आई काठावर बसून प्रत्येक वेळी "जपून गं!" म्हणत होती.

इथे आम्ही तीन रात्री राहिलो. अशा मुक्कामी एक पद्धत आहे : तुमच्या जागेवरून कोणीही चालत किंवा सायकलवरून गेलं की हात करायचा, त्यांनीही करायचा. इथल्या देखरेखीला स्वयंसेवक असतात, बहुधा निवृत्त जोडपी, जी आपला ट्रेलर घेऊन येऊन राहतात आणि कामाच्या बदल्यात जागा वापरतात. ती तर दिवसातून चार वेळा हात करून जातात.

दुसऱ्या संध्याकाळी आत फोडणीचा धूर झाला म्हणून बाबा ताट घेऊन बाहेरच्या टेबलावर बसले. चमचा बाजूला ठेवून हाताने वरणभात कालवला. समोरून एक कुटुंब गेलं, हात केला. बाबांनीही केला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "बरं आहे इथे. माझा हात तसाही आपोआप हलतो." आई आधी रागावली, मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही सगळ्यांनी आपापली ताटं बाहेर आणली. नंतर शेकोटीवर कणसं भाजली.

दुखणं काही कमी झालं नाही. घरी परतल्यावर मित्राकडे जेवायला गेलो तेव्हा बाबा पुन्हा दोन घास खाऊन थांबले. पण त्या तीन रात्री ते पोटभर, उघड्यावर जेवले, एवढं खरं.

परतीची वाट

शेवटच्या दिवशी यूजीनमार्गे आय-५ महामार्गाने घरी. वाटेत महामार्गाच्या विश्रांतिस्थळी थांबलो. ऑरेगनमध्ये अशा जागी चोवीस तासांत बारा तासांपर्यंत थांबता येतं, गाडीत झोपताही येतं, तंबू मात्र लावायचा नाही. काही ठिकाणी स्वयंसेवक फुकट कॉफी देतात. बाबांनी ती घेतली आणि "हे सदावर्तच," असा निकाल दिला.

तुम्ही जाणार असाल तर

• उन्हाळ्यातल्या जागा सहा महिने आधी उघडतात आणि लगेच भरतात. आई-बाबांची विमानाची तिकिटं काढली की त्याच दिवशी जागाही राखून ठेवा. व्हीलचेअरला सोयीच्या जागा वेगळ्या असतात.

• ट्रेलर नसेल तर स्टेट पार्कांत गोल 'यर्ट' भाड्याने मिळतात. आत पलंग, दिवे आणि हीटर असतो, अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं.

• जुलैतही किनाऱ्यावर वारा बोचरा असतो. शाल, कानटोपी हवीच. समुद्र फार गार आणि लाटा फसव्या, पाठ करून उभं राहू नका.

• पोहोचल्यावर त्सुनामीच्या निळ्या पाट्या बघून उंचावर जाणारी वाट पाहून ठेवा. सोबत वयस्कर माणसं असतील तर एकदा चालून बघा.

• जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, तिथलंच घ्या. लाकडातून झाडांची कीड पसरते.

• रात्री दहानंतर शांतता. गप्पा हळू आवाजात, गाणी त्याआधी.

आपल्या पिढीला आई-वडिलांना फिरवायची हौस आहे आणि पैसाही आहे. पण आपण बहुतेक वेळा त्यांना आपल्या वेगाने फिरवतो आणि मग "त्यांना झेपत नाही" म्हणून घरी बसवतो. त्यांच्या स्वयंपाकासकट, औषधांसकट, दुपारच्या झोपेसकट घरच सोबत नेलं तर बरंच झेपतं. आई आता विचारते आहे की असा ट्रेलर महेश्वरच्या रस्त्याला चालेल का. रस्ता चांगला आहे. रात्री उभा करायला जागा, पाण्याचा नळ आणि वीज मिळेल का, तेवढं तिकडच्या कोणीतरी कळवा.