चाकोरी, मुरूम, कातळ

डांबर सोडून सायकल चालवण्याच्या छंदाला परभणी जिल्ह्यात खरी जागा आहे ती जिंतूर तालुक्यात. बाकी जिल्हा बहुतेक गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यांतला सपाट काळा मुलूख. उत्तरेला मात्र अजिंठ्याच्या रांगेचे फाटे येतात. शेतातून नेमगिरीकडे आणि पुढे येलदरीच्या पाण्याकडे निघालेल्या चार मित्रांना एका सकाळीत तीन तऱ्हेची जमीन भेटते, आणि मुळात ती एकच असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा कातळ झिजून मुरूम झाला, मुरमाची माती झाली, ती पावसाने खाली वाहून नेली.

सुरुवात पांदणीची. पावसाळ्यात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांनी ओल्या मातीत पाडलेली चाकोरी दिवाळीनंतर वाळून विटेसारखी टणक होते. त्यात चाक एकदा उतरले की हँडल वळत नाही. हट्टाने वळवले तर टायर कडेला घासतो आणि माणूस आडवा होतो. थांबून सायकल उचलणे एवढाच मार्ग. ‘चाकोरीबाहेर’ हा शब्द ज्यांच्या तोंडी प्रथम आला, त्यांच्या पायाखालची वाट अशीच असणार. पाऊस झाला असेल तर मात्र पांदणीला लागूच नये. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरवर थर चढत जातात, फोर्कमध्ये लोंदा अडकून चाक जागीच थांबते. बाभळीच्या काटकीने तो खरवडून काढावा, तर दहा पावलांवर पुन्हा तेच.

जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी, जैन लेण्यांचा डोंगर. या बाजूच्या चढांवर मुरूम सुरू होतो आणि टायरखालचा आवाज बदलतो: मातीवरची मुकी घरघर जाऊन करकर येते. इथे जोरापेक्षा बसण्याची रीत महत्त्वाची. पायडलवर उभे राहिले की मागच्या चाकावरचा भार सुटतो, ते मुरमात फिरत राहते आणि सायकल पुढे सरकत नाही. बूड सीटवर, छाती हँडलकडे, गिअर हलका. मग चढ सरतो.

उतारावर सोबत्यांचे मोल कळते. पुढचा जमीन वाचतो आणि ओरडतो, ‘दगड!’, ‘चर!’, मागचे अंतर राखून तीच हाक पुढे पोचवतात. हा खेळ जन्मला तोही मित्रांतच. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावर सोडत. एका फेरीत मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई, ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्यांच्या शर्यतीचे नाव ‘रीपॅक’ पडले. उघड्या कातळावर आजही ब्रेक सतत दाबून धरायचा नसतो. दाबायचा, सोडायचा, आणि वजन मागे न्यायचे.

पूर्णेवरचे येलदरी धरण १९६८ सालचे. पाणी दिसू लागेपर्यंत कुणाचा ना कुणाचा टायर बसलेला असतो, कारण वाटेवर बाभळी आहेत. काटा टायरवरून तुटलेला, टोक मात्र आत. ते चिमटीत धरून सरळ ओढावे लागते, नाहीतर नवी ट्यूबही फुटते. भोक सापडत नसेल तर एकजण ट्यूब फुगवतो, दुसरा ती काठच्या पाण्यात बुडवून हळूहळू फिरवतो. बाकीचे उकिडवे बसून बुडबुड्याची वाट पाहतात.