कुत्र्यासह घर मिळेल का?

बेळगावात भाड्याचं घर शोधणाऱ्याला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. माणसं किती, नोकरी कुठं आणि खाणं काय? तिन्हींची उत्तरं मनासारखी मिळाली की घरमालकीण चहाचं आधण ठेवते. तेवढ्यात बरोबर आलेलं पोरगं सहज बोलून जातं, "आमच्याकडं टायगर पण आहे!" आणि चहा बाजूलाच राहतो. मराठी मालक म्हणतो, "कुत्रं नको हो." कन्नड मालक म्हणतो, "नायी ब्याड री." भाषा दोन, उत्तर एकच.

या उत्तरापाशी जे लोक अडतात, त्यांच्यासाठी घर शोधणं हा आता माझा व्यवसाय आहे. त्याआधी सतरा वर्षं मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळला. आमच्या गल्लीत बदलीवर आलेलं एक कुटुंब होतं. नव्या गावी कुत्र्यासह घर मिळेना, म्हणून जाताना त्यांनी आपली कुत्री फाटकापाशीच सोडली. ती रिकाम्या घरासमोर बसून राहायची. कुणी भाकरी टाकली तर खायची आणि परत त्याच पायरीवर जायची. ती माणसं दुष्ट नव्हती. पोरांच्या शाळा सुरू व्हायच्या होत्या, घर मिळत नव्हतं आणि दिवस संपले होते. त्यांना वेळेवर कुणीतरी घर दाखवायला हवं होतं, हे माझ्या डोक्यातून जाईना. वर्षभरानं मी राजीनामा दिला. सासूबाई म्हणाल्या, "लोक माणसांची लग्नं जमवतात, तू कुत्र्यांची घरं जमव!" त्या रागानं म्हणाल्या होत्या, पण माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला अजून सुचलेलं नाही.

या कामामुळं जन्मापासून पाहिलेलं गाव मला नव्यानं पाहावं लागलं. आपण घर बघताना नळाला पाणी कधी येतं, बसस्टॉप किती लांब हे विचारतो. मी आधी खाली वाकून फरशी बघते, कारण गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय घसरतात. मग जिना, कंपाउंडची उंची, फाटकाच्या गजांमधलं अंतर आणि शेजारच्या घराची खिडकी कुठं उघडते ते बघते.

कॅम्पात गेलं की वाटतं, कुत्र्यांचा स्वर्ग तो हाच. जुने बंगले, ऐसपैस आवारं, मोठी झाडं. पण तिथलं घर भाड्यानं मिळणं म्हणजे नशीबच लागतं. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोची झाडी जवळ, सकाळी फिरायला सोय. मात्र जुनी घरं पाडून अपार्टमेंट उभी राहिली आहेत आणि लिफ्टच्या दारात भांडणं होतात. शहापूरच्या जुन्या घरांना मागं परसू आणि विहीर असते, जागा कुत्र्याला आवडेल अशी. पण घराला घर लागून, त्यामुळं एक भुंकला की सगळी गल्ली जागी. वडगावात मागांची खटखट दिवसभर चालते. आवाजाला बिचकणारं कुत्रं तिथं दोन दिवस जेवणार नाही, आणि त्यातच वाढलेलं कुत्रं मात्र मागाशेजारी निवांत घोरतं. गणेशपूर, हिंडलग्याकडं अजून थोडं मोकळं रान आहे, पण संध्याकाळनंतर तिथली भटकी कुत्री नव्या पाहुण्याला सहज आत घेत नाहीत. माणसांसारखंच आहे ते.

आणि पाऊस! आपल्या बेळगावचा पाऊस म्हणजे चार महिने चिखल. घरमालकाचा राग कुत्र्यावर नसतो, पांढऱ्या फरशीवर उमटणाऱ्या पावलांवर असतो. म्हणून दाराशी जुनं पोतं आणि पाय धुवायला एक बादली, हे मी करारात लिहूनच घेते. एवढ्यानं निम्मा विरोध मावळतो.

आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं आहे. त्यामुळं बदलीची कुटुंबं येत-जात असतात. अशाच एका कुटुंबाकडं मुधोळ जातीचा कुत्रा होता. त्यांना तिसऱ्या मजल्यावरचा सुंदर फ्लॅट पसंत पडला होता, मालकही तयार होता. मी म्हटलं, "वहिनी, हा फ्लॅट घेऊ नका." मुधोळ पाहिलेल्या माणसाला कारण सांगावं लागत नाही. आमचं माहेर तिकडचं. गोकाकवरून मुधोळला जाताना सपाट शेतांतून ही लांब पायांची, खपाटीला गेलेल्या पोटाची कुत्री सशामागं धावताना मी लहानपणी पाहिली आहेत. घोरपड्यांच्या संस्थानात मालोजीराजांनी या जातीला ऊर्जितावस्था दिली. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी संशोधन केंद्र आहे, आणि २००५ मध्ये टपाल खात्यानं तिच्यावर तिकीटही काढलं. तिकिटाएवढ्या बाल्कनीत मात्र ती मावत नाही. माझं एका महिन्याच्या भाड्याएवढं कमिशन गेलं. पुढं तीन आठवड्यांनी त्यांना हिंडलग्याच्या बाजूला उंच कंपाउंडचं एक साधं कौलारू घर मिळालं. स्वयंपाकघर अंधारं आहे, अशी वहिनींची तक्रार आहे आणि ती खरीच आहे.

सगळ्यात जड गेलं ते एका निवृत्त मास्तरांचं काम. घरी कन्नड बोलणारे, आमच्याशी मात्र अस्सल बेळगावी मराठीत बोलायचे. पत्नी गेलेल्या, मुलगा परगावी आणि सोबतीला अकरा वर्षांची पांढऱ्या तोंडाची गावठी कुत्री. घर विकलं गेलं, नव्या मालकानं महिन्याची मुदत दिली. मुलगा फोनवर म्हणाला, "अप्पा, तुम्ही इकडं या, कुत्रीला कुठंतरी ठेवू." मास्तर मला एवढंच म्हणाले, "अक्का, हिला ती जेवण घालत होती. मी आता हिला कुठं ठेवू?"

आम्ही चौदा घरं पाहिली. चौदाव्या घराची, अनगोळातली मालकीण म्हणाली, "अंगणात तुळस आहे, देवघर आहे. कुत्रं कसं चालेल?" मी वाद घातला नाही. तिच्या देवघरात दत्ताची तसबीर होती. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि तोच खंडोबा कन्नड मुलखात मैलारलिंग म्हणून पुजला जातो. हे सगळं मास्तरांनीच तिला हळूहळू सांगितलं, शाळेत सांगावं तसं. ती हसली, पण लगेच हो म्हणाली नाही. तीन महिने बघू म्हणाली. तुळशीभोवती दोन फुटी जाळी लावायची, केस रोज झाडायचे, आणि तक्रार आली तर बसून बोलायचं, असं ठरलं. ते तीन महिने संपले आहेत. जाळी अजून आहे. मास्तरही आहेत.

लोक मला कायदा विचारतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे, की अपार्टमेंटच्या संघटनेला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानंही २०२१ मध्ये अशा बंदीची कलमं बेकायदा ठरवली. पाळलेलं जनावर सबळ कारणाशिवाय वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण घर कुणाला भाड्यानं द्यायचं हे शेवटी मालक ठरवतो, आणि त्याच्या दारात कायद्याचा कागद फडकवून कुणाला घर मिळालेलं मी पाहिलेलं नाही. त्यापेक्षा रेबीजच्या लसीचं कार्ड दाखवा, आधीच्या मालकाचा फोन नंबर द्या, आणि कुत्र्याला घेऊन एकदा अर्धा तास भेटायला जा. नाव सांगितल्यावर "कुत्रं" राहत नाही, "टायगर" होतो.

शिवाय घर शोधायला दोन महिने आधी लागा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या माणसाला मी सुद्धा घर देऊ शकत नाही, आणि त्या आठवड्यातच सगळ्यात जास्त कुत्री फाटकांशी सुटतात.

पगाराची सवय लागलेल्या माणसाला हा धंदा जड जातो, हे मी लपवत नाही. कधी महिन्याला चार घरं होतात, कधी एकही नाही. पण घरमालकांनो, तुमच्याकडं एखादी तळमजल्याची खोली रिकामी असेल, तर पुढच्या वेळी नाही म्हणण्याआधी फक्त एक प्रश्न विचारा, "वय काय हो त्याचं?" बोलणं तिथून सुरू होतं. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा. शेपूट दोन्हीला हलतं.