मांडीवरची ठकी

आमच्या दिवाणखान्यात एक काचेचे कपाट आहे. डॉक्टरांच्या घरी अशा कपाटात ग्रंथ किंवा मानचिन्हे असावीत अशी पाहुण्यांची अपेक्षा असते. आमच्या कपाटात बाहुल्या आहेत. प्रवासाला गेले की त्या गावच्या कारागिराच्या हातची एक तरी बाहुली आणायची, हा माझा गेल्या पंचवीस वर्षांचा परिपाठ. वाचकहो, हा छंद आपल्याला कदाचित पोरकट वाटेल. परंतु शुश्रूषेचा जो धडा मला वैद्यकीय महाविद्यालयात मिळाला नाही, तो या कपाटाने दिला. म्हणून हे लिहीत आहे.

बाहुली विकत घेण्याआधी ती घडताना पाहावी, असा माझा आग्रह असतो. कर्नाटकातील चन्नपट्टणला लाकूड यंत्रावर गरगर फिरत असतानाच त्यावर लाखेची रंगीत कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, लाकडावर रंग चढतो आणि मग केवड्याच्या पानाने त्याला झिलई आणतात. आंध्रातील कोंडापल्लीला बाहुलीचे हातपाय निरनिराळे कोरतात आणि चिंचोक्याचे पीठ व लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने जोडतात. भोसले राजांच्या तंजावरची मातीची बाहुली बुडाशी जड असते. कितीही आडवी करा, डोलत डोलत पुन्हा उभी राहते. तोल जाऊन पडण्याची भीती बाळगणाऱ्या माझ्या वृद्ध रुग्णांना ती फार आवडते.

या सर्वांत साधी बाहुली म्हणजे आपल्या सावंतवाडीची लाकडी ठकी. ती आणली तेव्हा सासूबाई माझ्याबरोबर होत्या. चितार आळीतील दुकानात मी मोठ्या, नक्षीदार वस्तू पाहत होते, त्यांनी मात्र ठकी उचलली आणि म्हणाल्या, "लहानपणी माझ्याकडे अशीच होती. हीच घे." मी घेतली, कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावले. त्यांचे ते वाक्य पुढे मी विसरूनही गेले.

पुढे सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला. तीस वर्षे शाळेत शिकवलेल्या, शिस्तीच्या बाई त्या. पण दिवेलागण झाली की अस्वस्थ होत, दाराशी जाऊन "मला घरी जायचंय" म्हणत. समजावले तर अधिकच चिडत. एका संध्याकाळी सफाईसाठी कपाट उघडे राहिले होते. मी दवाखान्यातून आले, तर त्या ठकीला मांडीवर घेऊन, पदराने झाकून शांत बसल्या होत्या. मी काय केले असेल? "अहो आई, राहू द्या, मोडेल ती," असे म्हणून त्यांच्या हातून बाहुली काढून घेतली. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पदर नीट केला. त्यांना सांभाळणाऱ्या मावशींनी ठकी माझ्या हातातून घेतली, पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवली आणि एक शब्दही न बोलता त्या स्वयंपाकघरात गेल्या.

ती मोडेल ही भीती तर होतीच. पण खरे सांगायचे, तर मला लाज वाटली होती. एवढ्या करारी स्त्रीच्या मांडीवर बाहुली पाहून लोक काय म्हणतील? आपल्यापैकी अनेकांच्या मनात हाच प्रश्न येत असेल. त्यावर इतकेच म्हणेन, की मान आपल्या वागण्यात असतो. बाहुली जवळ असणारी व्यक्ती लहान मूल होत नाही. तिच्याशी बोबडे बोलू नये, तिला हसू नये.

अनुभवातून काही गोष्टी सांगते. बाहुली हातात कोंबू नये. दिसेल अशी ठेवावी, घ्यावीशी वाटली तर त्यांनी घ्यावी. रंगाचे पोपडे सुटणारी, टोकदार, सुटे मणी किंवा टिकल्या लावलेली बाहुली टाळावी, कारण वस्तू तोंडात जाऊ शकते. त्या तिला बाळ म्हणत असतील, तर "अहो, ही लाकडाची आहे" असा वाद घालू नये. बाळाच्या काळजीने त्या स्वतःचे जेवण किंवा झोप टाळू लागल्या, तर मात्र हळुवारपणे दुसरीकडे लक्ष वळवावे. सर्वांनाच याचा उपयोग होतो असे नाही. बाहुली हे औषधही नव्हे. अस्वस्थता अचानक वाढली, तर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा न सांगता येणारी वेदना हे कारण असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

दोन वर्षांच्या हाताळण्याने ठकीच्या चेहऱ्यावरचा रंग पुसट झाला. मागच्या वर्षी सावंतवाडीला गेले, तेव्हा मोबाइलवर तिचे छायाचित्र दाखवून मी कारागिराला रंगाविषयी विचारले. ते वयस्क गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बरं झालं. कोणीतरी खेळलं तिच्याशी. हल्ली सगळे कपाटातच ठेवतात." मी काहीच बोलू शकले नाही.

त्यांच्याकडून तशीच नवी ठकी घेऊन आले आणि सासूबाईंपुढे धरली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, सभ्यपणे मला परत केली आणि जुनी पदराखाली ओढून घेतली.

नवी ठकी आता कपाटात आहे. कपाटाला कुलूप मात्र नाही.