दुधीच्या शेवया

सिडको, छत्रपती संभाजीनगर

प्रिय ताईस,


परवा फोनवर तू विचारलंस ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. दाजींच्या तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट वाढून आला, डॉक्टरांनी मैदा आणि भात आवरायला सांगितला, आणि तुमच्याकडे रविवारचा पास्ता तर ठरलेला. पोरं ताटल्या भरून खाणार आणि दाजी शेजारी काकडीच्या चकत्या घेऊन बसणार, हे तुला बघवत नाही. मलाही बघवलं नसतं. आमच्याकडे ह्यांच्यासाठी भाजीच्या नूडल्स आता अंगवळणी पडल्या आहेत, तेव्हा माझ्या हाताला जे कळलं ते सगळं लिहिते.

पहिलं म्हणजे झुकिनीच्या मागे लागू नकोस. मोठ्या दुकानांत मिळते, पण भाव बघून परत ठेवावीशी वाटते. इथे जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात कोवळे दुधी ढिगाने असतात, तुमच्याकडेही मंडईत मिळतीलच. कामाला तोच उत्तम. वीतभर लांबीचा, सरळ, नख लावलं की सालीत सहज रुतेल असा घे. जून दुधीत बिया कडक आणि मधला भाग कापसासारखा, त्याच्या तारा निघतच नाहीत. दोडक्याच्याही नीट निघत नाहीत. काकडीच्या निघतात, पण त्या कच्च्याच खायच्या, कढईत घातल्या की संपल्या. तांबडा भोपळा, कच्ची पपई आणि थंडीत मिळणारा नवलकोल हे तिन्ही घट्ट असतात आणि शिजल्यावरही आकार धरतात. काहीच नसेल तेव्हा कोबी विळीवर लांब, बारीक चिरून घे. नवं यंत्रही लागत नाही.

दुधी चिरला की कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघ. हे मात्र विसरू नकोस. कडू लागला तर थुंकून टाक आणि अख्खा दुधी फेकून दे. कडू दुधीतल्या द्रव्यांनी उलट्या, रक्तस्राव इथपर्यंत पाळी येते, कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनेही कडू दुधी खाऊ नये असं बजावलेलं आहे. शिजवल्याने तो धोका जात नाही.

आता अवजार. त्या फिरवायच्या यंत्रांच्या जाहिराती तू बघितल्या असशील. यंत्र चांगलं असतं, पण धुवायला किचकट आणि ओट्यावर जागा खाणारं. मी गुलमंडीच्या बाजारातून दातेरी पात्याचं सोलाणं आणलं, तेवढ्यावर भागतं. दुधी सोलून उभा धरायचा आणि वरून खाली एकाच दमात ओढायचं. चार-पाच तारा एकदम सुटतात. बिया दिसायला लागल्या की दुधी थोडा फिरवायचा आणि दुसऱ्या बाजूने ओढायचं. उरलेला बियांचा गाभा टाकू नकोस, किसून थालीपिठात घाल.

यापुढचं सगळं पाण्याचं काम आहे, आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं. दुधीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणी. पास्ता शिजताना पाणी पितो, दुधी शिजताना पाणी सोडतो. म्हणून पास्त्याची कृती उचलून तिच्यात नुसता दुधी घातला की ताटात सूप होतं आणि पोरं नाक मुरडतात. अर्धा किलो तारांना एक छोटा चमचा मीठ हलक्या हाताने लाव आणि त्या चाळणीत पसरून पंधरा-वीस मिनिटं ठेव. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढून घेतं. खाली वाटीभर तरी साचतं. ते खारट असतं, पण थालीपिठाचं पीठ भिजवायला चालतं, फक्त पिठात वेगळं मीठ घालू नकोस. मग तारा सुती पंच्यात गुंडाळून दोन्ही हातांनी दाब, पिळू मात्र नकोस, तुटतात. दाजींना रक्तदाबही असेल तर मीठ लावल्यावर एकदा विसळून मगच दाब.

लोखंडी कढई चांगली तापू दे, चमचाभर तेल घाल, तारा टाक आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटं परत. झाकण ठेवायचं नाही. तार वाकते पण तुटत नाही, दाताला जराशी करकरीत लागते, तिथे थांब. आपण भाजी मऊ होईपर्यंत शिजवायला शिकलो, त्यामुळे हात आखडता घेणं जड जातं, पण इथे तेच करायचं.

रस्सा वेगळा करायचा आणि आधी आटवून घट्ट करायचा. टोमॅटो, भरपूर लसूण, कांदा, हवी तर ओवा-पुदिन्याची पानं. रस्सा पातळ वाटला तर पाऊण चमचा येसर घाल. आईचा डबा तुझ्याकडे असेलच. भाजलेलं धान्य, डाळी आणि मसाला असलेलं ते पीठ रश्शातलं पाणी लगेच धरतं, आणि चव आपल्या मराठवाड्याची येते. दुसरी तऱ्हा म्हणजे रस्सा नकोच, नुसता शेंगदाण्याचा जाडसर कूट, लसूण, तीळ आणि तिखट. आमच्या घरी हीच जास्त संपते. तारा आणि रस्सा एकत्र करायचे ते ताट वाढताना, आधी नाही.

आता तू विचारलेला आकड्यांचा प्रश्न. शिजवलेल्या पास्त्यात 100 ग्रॅममागे साधारण 30 ग्रॅम कर्बोदकं असतात, दुधीत 3 ते 4. म्हणजे दाजींनी अडीचशे ग्रॅमचं ताट पास्त्याचं खाल्लं तर पंच्याहत्तर ग्रॅम, दुधीचं खाल्लं तर फार तर दहा. गाजर आणि बीट 10 च्या आसपास, रताळं 20 च्या. तेव्हा ‘भाजीच्या नूडल्स’ म्हणून रताळ्याच्या तारा केल्या तर दाजींच्या कामाला फारशा येणार नाहीत. पण दुधीत पोट भरणारं काही नाही हेही खरं. नुसत्या तारा खाऊन दाजी रात्री डबे उघडतील. त्यावर मोड आलेली मटकी, उकडलेले हरभरे, पनीर नाहीतर अंडं हवंच.

आणखी एक, हे गंभीरपणे घे. दाजींच्या गोळ्या कोणत्या आहेत मला माहीत नाही. काही गोळ्या आणि इन्सुलिन असताना ताटातली कर्बोदकं एकदम काढली तर साखर गरजेपेक्षा खाली उतरू शकते. डॉक्टरांना आधी विचार, मगच रविवार ठरव.

पोरांचा पास्ता तू बंद करू नकोस. वाढत्या वयाची मुलं, त्यांना पोळीसारखाच तो. चांगला पास्ता दुरम गव्हाच्या रव्याचा असतो, आणि आपला बन्सी गहू त्याच जातीचा. उन्हाळ्यात आई पाटावर शेवया वळून बाजेवर वाळत घालायची, त्यात आणि इटलीच्या ताटात वाटतं तितकं अंतर नाही. पोरांना अर्धा पास्ता आणि अर्धा दुधी असं मिसळून दे, ती आपसूक खातात. पण फसवून नको. हा दुधी आहे असं सांगूनच वाढ. पास्ता म्हणून पुढे केलेला दुधी ती एकदाच खातील. चांगली लसणाची भाजी म्हणून केलेला पुन्हा मागतील. दाजींच्या बाबतीतही हेच. त्यांना पास्त्याची आठवण सारखी काढून देऊ नकोस, दुधी चांगला करून दे.

आणि ज्या दिवशी त्यांना चावायला खरोखर काही हवं असेल त्या दिवशी हुलग्याचे शेंगोळे कर, आई करायची तसे, लसणाच्या तिखट पाण्यात उकळून. ते पिठाचेच आहेत, तेव्हा वाटीभरच द्यायचे. पण हुलग्याच्या पिठात 100 ग्रॅममागे वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, मैद्याला त्याची सर नाही. शेंगोळ्यांना रविवारच्या ताटात जागा मिळाली तर मला फार आनंद होईल.

एवढं कर. पहिल्या रविवारी जेवणाआधी आणि जेवल्यानंतर दोन तासांनी दाजींची साखर घरच्या यंत्रावर तपास आणि वहीत लिहून ठेव. त्याच्या पुढच्या रविवारी मटकी घालून पुन्हा कर, पुन्हा तपास. दोन्ही रविवारचे आकडे डॉक्टरांना दाखव आणि मलाही कळव.

तुझी,
धाकटी