आम्ही तिला जपत होतो

घरी लग्नाची पत्रिका आली की आम्हा नवरा-बायकोत एक गोष्ट न बोलताच ठरलेली असायची. आम्ही दोघांनी जायचे आणि आमच्या मुलीने दादीजवळ राहायचे. जन्मापासून तिच्या पायांत ताठरपणा आहे. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. बुद्धी तल्लख, वाचनाची आवड दांडगी, पण चालता येत नाही. लातूरला तिच्या सख्ख्या खालाच्या मुलीचे लग्न झाले, तेव्हाही ती घरीच राहिली. प्रवासात तिचे हाल होतील, लोक टक लावून बघतील, कुणीतरी तिच्यासमोरच हळहळेल, अशी कारणे आम्ही एकमेकांना सांगितली. देगलूर नाक्याजवळच्या आमच्या गल्लीत कुणी विचारले तर आमचे उत्तर तयार असे, ‘अल्लाहची मर्जी. सब्र करतो आहोत.’

ऑगस्ट 2024 मधल्या एका सकाळी तिने वर्तमानपत्र आमच्यापुढे धरले. पॅरिसच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत भारताचा ध्वज घेण्याचा मान दोघांना मिळाला होता. एक भालाफेकपटू सुमित अंतिल आणि दुसऱ्या आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या, मुखेड तालुक्यातील होनवडजच्या भाग्यश्री जाधव. फोटोत त्या चाकांच्या खुर्चीत बसलेल्या होत्या. मुलीने बराच वेळ तो फोटो पाहिला आणि विचारले, ‘अम्मी, यांच्या घरच्यांनी यांना बाहेर कसं जाऊ दिलं?’

गोळा कसा फेकतात, हे तिने विचारले असते तर शोधून सांगता आले असते. या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

28 ऑगस्टच्या रात्री साडेअकराला उद्घाटन सोहळा सुरू झाला. एरवी इशाची नमाज झाली की झोपणाऱ्या दादीही जाग्या राहिल्या. भारताच्या पथकात 84 खेळाडू होते. पॅरिसच्या रस्त्यावरून तिरंगा पुढे आला, तेव्हा आमची मुलगी एवढेच म्हणाली, ‘मुखेड तर आपल्या इथंच आहे.’

त्यानंतर आम्ही भाग्यश्रीताईंबद्दल मिळेल ते वाचले. ऐन तारुण्यात एका आघाताने त्यांचे चालणे हिरावून घेतले. मैदानात उतरल्या तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. त्यांना मैदानाकडे नेले ते भावाच्या आग्रहाने. टोकियोत 7.00 मीटर गोळा टाकून त्यांनी सातवा क्रमांक मिळवला. ऑक्टोबर 2023 मध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत 7.54 मीटर आणि रौप्यपदक. मे 2024 मध्ये जपानच्या कोबे शहरात जागतिक स्पर्धेत 7.56 मीटर आणि पुन्हा रौप्य. तीन वर्षांची मेहनत आणि वाढ अर्ध्या मीटरहून थोडी जास्त!

त्यांचा गट एफ-34. हात-पायांच्या हालचालींवर ताठरपणाचा किंवा तोल न राहण्याचा परिणाम झालेले खेळाडू या गटात बसून फेक करतात. जमिनीला पक्की बांधलेली लोखंडी बैठक असते, तिच्यावर खेळाडूला पट्ट्यांनी आवळून बसवतात. गोळा टाकताना शरीर बैठकीवरून उचलले गेले तर ती फेक बाद. पायांचे बळ मिळत नाही, म्हणून पाठ, खांदा आणि मनगट यांतूनच सगळा जोर काढावा लागतो. टोकियोत याच गटाचे कांस्यपदक मोरोक्कोच्या सईदा अमौदी यांनी जिंकले होते. हे वाचल्यावर मुलीने त्यांचे नावही वहीत लिहून ठेवले.

पॅरिसमध्ये भाग्यश्रीताईंचा गोळा 7.28 मीटरवर पडला. पदक नाही, पाचवा क्रमांक. आम्हाला वाटले, आता ही हिरमुसणार. ती म्हणाली, ‘पाचवी म्हणजे जगात पाचवी ना?’

त्या रात्री आम्ही दोघे उशिरापर्यंत बोलत बसलो. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) यांचा किस्सा आम्ही मुलांना कितीदा सांगितला असेल. ते अंध होते. प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना ते काही शिकण्यासाठी आले, आणि त्या प्रसंगावर ‘अबस’ ही सूरत उतरली. पुढे ते मदिनेत अजान देत. प्रेषित (स.) मदिनेबाहेर असताना शहराची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली गेली. त्यांना कुणी घरात बसवून ‘सब्र करा’ म्हटले नव्हते. आम्ही मात्र मुलीला उंबऱ्याच्या आत ठेवले आणि त्याला सब्र म्हणत राहिलो. खरे तर लोकांच्या नजरांना आम्ही घाबरत होतो. ती घाबरते की नाही, हे आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते.

पहिले काम केले ते दिव्यांग प्रमाणपत्राचे. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार धरले आहेत आणि सेरेब्रल पाल्सी त्यांत आहे, हेही आम्हाला तेव्हाच कळले. जिल्हा रुग्णालयात तीन खेपा झाल्या. इतकी वर्षे आम्ही हा कागदसुद्धा केला नव्हता, कारण तो केला असता तर जे आहे ते मान्य करावे लागले असते.

मग दोन किलोचा गोळा आणला. दादी नाराज झाल्या. ‘लोगां क्या बोलेंगे? जवान होती छोकरी मैदान में बैठको लोहा फेकेगी?’ आमच्याही मनात संकोच होता. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावर ओढणी घेऊन ती तयार झाली, तेव्हा तो थोडा निवळला. पण सगळा गेला असे म्हणणे खोटे ठरेल. पहिल्या दिवशी आम्ही मुद्दाम फजरनंतर, मैदान रिकामे असताना गेलो. तिच्या ते लक्षात आले. ‘उद्या उजेड झाल्यावर जाऊ,’ ती म्हणाली.

आता आठवड्यातून तीन दिवस जातो. कुणी बघतात, कुणी विचारतात. एखादी बाई ‘हाय, बिचारी’ म्हणतेच, आणि आमचे तोंड अजूनही कडू होते. मुलगी तेव्हा टेप धरायला सांगते. तिचा गोळा सध्या तीन मीटरच्या अलीकडे पडतो. ती खेळाडू होईल की नाही, अल्लाह जाणे. दादी मैदानावर येत नाहीत, पण परतल्यावर ‘आज कित्ता गया?’ असे विचारल्याशिवाय चहा देत नाहीत.

गेल्या आठवड्यात लातूरहून पुन्हा एक पत्रिका आली. आम्ही एकमेकांकडे पाहिले. आम्ही काही बोलण्याआधीच मुलीने विचारले, ‘वलीम्याला मी कोणता ड्रेस घालू?’