पायातील कडे

ऐरोलीच्या खाडीकाठी वैशाखातील सकाळ लवकर तापते. म्हणून पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम उजाडतानाच उरकावे लागते. ऊन चढले की जाळी गुंडाळावी, हा या कामाचा दंडक. तिवरांच्या दाटीपलीकडे, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे मान खाली घालून चरत असतात. पाहुण्या निरीक्षकांनी दूर उभे राहावे, मौन पाळावे, एवढीच अपेक्षा असते.

जाळ्यात आलेला पक्षी मऊ कापडी पिशवीत ठेवतात. अंधारात तो शांत होतो. पंख व चोच मोजून, वजन करून, पायात क्रमांक कोरलेले हलके कडे चढवतात आणि लगेच सोडून देतात. कड्यावर ‘मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असतो. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ पासून हे कार्य मोठ्या प्रमाणावर हाती घेतले.

जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला येथे प्रश्न पडतोच. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातील रुग्णालयात जखमी पक्ष्याला हाती घेतात, ते समजते. पण धडधाकट पक्ष्याला क्षणभर तरी बंदी का करावे? भय हीदेखील पीडाच आहे.

उत्तर खाडीच्या नकाशात सापडते. ठाणे खाडीचे रोहित अभयारण्य २०१५ साली घोषित झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. परंतु भरतीने चिखल बुडाला की हे पक्षी नेरूळकडच्या पाणथळींवर जाऊन बसतात, आणि त्या जागा अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. २०२२ मध्येच काही रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रे बसवली गेली. त्यांतील ‘हुमायूँ’ नावाचा पक्षी पावसाळ्यात गुजरातेत पोहोचल्याचे त्यावरूनच कळले.

पक्ष्यांना आपण आखलेली सीमा ठाऊक नसते. त्यांचा मुक्काम कोठे, हे मात्र आपल्याला ठाऊक असले पाहिजे. एखादे तळे बुजवण्याचा बेत होतो तेव्हा ‘येथे पक्षी येतातच कुठे?’ असे विचारले जाते. त्या प्रश्नाला पुराव्यानिशी उत्तर देता यावे, म्हणून काही मिनिटांची ती पीडा. ती शक्य तितकी कमी राहावी, याची दक्षता हीच या कामातील अहिंसा. आणि मिळालेले ज्ञान तळे वाचवण्याच्या कामी आले, तरच त्या पीडेचे ऋण फिटेल.