प्रवासातलं वाचन आणि ई-रीडर : माझी एक फजिती



सुट्टी जवळ आली की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "मॅडम, प्रवासात वाचायला ई-रीडर घ्यायचाय. नुसता वाय-फायचा चालेल, की मोबाइल नेटवर्कवाला शोधू?" परवा तर एका पालकांनी सांगितलं की अमेरिकेतले नातेवाईक त्यांना जुना ३जी किंडल देतायत, तो घ्यावा का? उत्तर मी देणारच आहे. पण आधी माझी फजिती सांगते, कारण उत्तर मला तिच्यातूनच मिळालं.

माझी आई ७४ वर्षांची. निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मधुमेहामुळे तिच्या डोळ्यांचा पडदा दुखावलाय. घरी ती टेबलावर पुस्तक ठेवून, भिंग धरून वाचते. पण हलत्या गाडीत भिंग आणि ओळ यांचा मेळ काही बसत नाही. दोन वर्षांपासून तिने प्रवासात पुस्तक घेणंच सोडलं होतं. जिने आम्हा भावंडांना रेल्वेच्या डब्यात वाचायची सवय लावली, ती आता हात मांडीवर ठेवून गप्प बसायची. डॉक्टरांनी सांगितलंय की आहे ती नजर जपायची. किती दिवस जपली जाईल, हे कोणी सांगत नाही. म्हणून गेल्या मे महिन्यात कुडाळला जायच्या आधी मी तिच्यासाठी ई-रीडर घेतला.

मोबाइल का नाही?

"मोबाइलवर अक्षर मोठं होत नाही का?" असं तुम्ही विचाराल. होतं. पण मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो आणि खिडकीतून ऊन आलं की काही दिसत नाही. ई-रीडरचा पडदा ई-इंकचा असतो. त्यात अतिशय सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांच्यात विद्युतभारित पांढरे-काळे कण. विजेचा झटका मिळाला की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं. उमटलेलं अक्षर तसंच राहतं, त्यासाठी पुन्हा वीज लागत नाही. मुलांना मी पाटीचं उदाहरण देते. पाटीवर लिहायला कष्ट पडतात, लिहिलेलं टिकवायला पडत नाहीत. म्हणून तर या यंत्राची बॅटरी, वाय-फाय बंद ठेवलं तर, आठवडे पुरते. सहा इंची यंत्राचं वजन साधारण दोनशे ग्रॅम. आईच्या हाताला ते पुस्तकापेक्षा हलकं लागलं.

फजिती

आईला हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' पुन्हा वाचायची होती. ती आणि आणखी दोन पुस्तकं मी निवडली. तिन्ही मुखपृष्ठं पडद्यावर दिसली. झालं, मी निश्चिंत! आईला पान कसं उलटायचं ते शिकवलं आणि आम्ही ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसमध्ये बसलो.

रोहा मागे पडलं. आईने चष्मा पुसला, यंत्र उघडलं, मुखपृष्ठावर बोट ठेवलं. नुसतं फिरणारं चक्र! पुस्तक उघडेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की यंत्रात फक्त मुखपृष्ठं आली होती. पुस्तकं दुकानाच्या क्लाउडमध्येच होती, ती उतरवून घ्यायची राहिली होती. पुस्तकाचं नाव जणू मलाच उद्देशून होतं.

मी फोनचा हॉटस्पॉट सुरू केला. यंत्राला तो दिसेचना. फोन ५ गिगाहर्ट्झवर होता आणि हे यंत्र फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखणारं. ते कळेपर्यंत रेंज गेली. पुढे रेंज यायची, तेवढ्यात बोगदा यायचा. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत, काय सांगू! चिपळूणला स्टेशनच्या मोफत वाय-फायचा प्रयत्न केला. तिथे मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका. यंत्राच्या पडद्यावर एकेक अक्षर टिपत बसले आणि गाडी सुटली.

आई म्हणाली, "असू दे गं. खिडकी आहे ना." आणि कुडाळला उतरताना यंत्र माझ्या हातात देत म्हणाली, "हे तुझ्याकडेच ठेव. मला नाही जमायचं."

मला तेच लागलं. चूक माझी होती आणि ती स्वतःला दोष देत होती. वर्गात प्रयोग करून दाखवायचा असेल तर आपण आदल्या दिवशी तो स्वतः करून बघतो की नाही? मुलांसमोर फसला तर मुलं म्हणतात, "विज्ञान अवघड असतं." इथे मी आईसमोर प्रयोग न तपासता मांडला होता.

मग कोणतं कनेक्शन घ्यावं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २००७ साली अमेरिकेत पहिला किंडल आला, तेव्हा त्यात वाय-फाय नव्हतंच. थेट मोबाइल नेटवर्कवरून पुस्तक यायचं आणि त्याचं वेगळं बिल नसायचं. २०१० मध्ये एकाच मॉडेलचे दोन प्रकार आले : नुसतं वाय-फाय १३९ डॉलरला, ३जीसह १८९ डॉलरला. तेव्हा प्रवासी माणसाला पन्नास डॉलर जास्त देणं शहाणपणाचं वाटायचं. पण पुढे अमेरिकेतल्या कंपन्यांनी ३जी नेटवर्कच बंद केलं. ज्या सुरुवातीच्या यंत्रांत वाय-फाय नव्हतं, त्यांना तिथे नवीन पुस्तक हवेतून मिळायची वाट बंद झाली. मात्र जी पुस्तकं यंत्रात आधीच उतरवलेली होती, ती वाचता येत राहिली.

सगळं सार यातच आहे. नेटवर्क येतं आणि जातं. यंत्रात उतरलेलं पुस्तक आपल्याजवळ राहतं.

म्हणून माझं मत असं की, प्रवासासाठी वाय-फायचा साधा ई-रीडर पुरतो. हल्ली बाजारात बहुतेक तेच मिळतात. कादंबरी काही सिनेमासारखी वाटेत येत राहावी लागत नाही. ती एकदा घरी उतरवली की काम झालं. मोबाइल नेटवर्कसाठी जादा पैसे देण्यापेक्षा तेच पैसे अंधारात वाचता येईल अशा उजेडाच्या पडद्यावर खर्च करा. आणि अमेरिकेतून जुना किंडल येणार असेल तर एवढंच विचारा, "त्यात वाय-फाय आहे का?" नुसता ३जीचा असेल तर नम्रपणे नको म्हणा.

मराठी वाचकांसाठी आणखी दोन गोष्टी. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळतात, पण एका दुकानातून घेतलेलं ई-पुस्तक दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर बहुधा उघडत नाही. म्हणून तुम्हाला हवी ती पुस्तकं कुठे आहेत ते आधी बघा, यंत्र नंतर घ्या. आणि दुसरं, फुकट मिळणारी बरीच मराठी पुस्तकं स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असतात. त्यांचं अक्षर वाढवायला गेलं की पान पडद्याबाहेर जातं आणि प्रत्येक ओळ सरकवत वाचावी लागते. ज्यांची नजर कमी आहे त्यांच्यासाठी ईपबसारखी, ओळी आपोआप जुळवून घेणारी फाइलच बघा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. हरिभाऊ १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. म्हणजे त्यांची पुस्तकं निःशंकपणे घेता येतात.

आदल्या रात्रीची पाच मिनिटं

१. घरच्या वाय-फायवर प्रत्येक पुस्तक उतरवा.
२. मग यंत्र विमान मोडवर टाका.
३. आता प्रत्येक पुस्तक उघडून मधलं एखादं पान बघा. उघडलं तरच ते तुमच्यासोबत येणार आहे.
४. ज्यांना वाचायचंय त्यांच्याच हातात यंत्र देऊन अक्षराचा आकार ठरवा. आपल्या डोळ्यांनी ठरवू नका.
५. वाटेत गरज पडलीच तर म्हणून फोनचा हॉटस्पॉट २.४ वर लावून एकदा जोडून बघा.

कुडाळला मावशीकडे वाय-फाय होतं. निघायच्या आदल्या रात्री मी हे सगळं केलं आणि आईला म्हटलं, "एकदाच बघ. नाही जमलं तर पुन्हा नाव काढणार नाही." तिने अक्षर इतकं मोठं करून घेतलं की पानावर जेमतेम आठ ओळी मावल्या. "आता ठीक आहे," म्हणाली.

परतीच्या गाडीत रत्नागिरी सोडल्यावर करबुड्याचा बोगदा आला. साडेसहा किलोमीटरचा. डब्यातले फोन एकेक करून गप्प झाले. समोरचा मुलगा अडकलेला व्हिडिओ हलवून बघत होता. आई मात्र पान उलटत होती. आठ ओळी, बोट, पुढच्या आठ ओळी. मी काही बोलले नाही.

बाहेर उजेड आला तशी तिने मान वर केली. "संपला का बोगदा? कळलंच नाही मला."

समोरच्या मुलाने विचारलं, "आजी, तुमच्या फोनला रेंज आहे?"

"हा फोन नाही रे," आई म्हणाली. "पुस्तक आहे." आणि पुन्हा खाली बघून वाचायला लागली.

या सुट्टीत तुमच्याही घरातल्या कोणाचं वाचन डोळ्यांमुळे थांबलं असेल, तर यंत्र घ्यायच्या आधी त्यांना एवढंच विचारा, "प्रवासात काय वाचायला आवडेल?" आणि आदल्या रात्रीची ती पाच मिनिटं विसरू नका.